हत्यारी पोलादाचा चाकू

माणसाच्या रोजच्या वापरातील साधनांपैकी चाकू हे बहुधा सर्वांत साधे दिसणारे साधन होय. एक पाते आणि एक मूठ, यापलीकडे त्यात काही नसते. फळ कापणे, सुतळी तोडणे, पेन्सिलीला टोक करणे, पार्सलाचे टाके उसवणे, बागेतील एखादी डहाळी छाटणे अशी दिवसभरातील पाच-दहा कामे त्याने करावीत आणि काम संपल्यावर खिशात किंवा म्यानात पडून राहावे, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा असते. परंतु ही साधी अपेक्षा पुरी करणारा चाकू बनवणे मात्र साधे नाही. कारण त्यासाठी एकाच धातूच्या पट्टीकडून आपण परस्परविरोधी असे दोन गुण मागत असतो.

धार टिकावी म्हणून पाते कठीण असले पाहिजे. पाते मऊ असेल तर धारेची बारीक कड पहिल्याच दोरीवर वाकते आणि चाकू बोथट होतो. उलट, वस्तू जितकी कठीण तितकी ती ठिसूळ होण्याचा संभव अधिक. काच पोलादाला ओरखडा पाडू शकते, पण हातातून पडताच तिचे तुकडे होतात. तांब्याची पट्टी कितीही वाकवली तरी तुटत नाही, पण तिला धार धरवत नाही. चांगला चाकू या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. ती जागा नेमकी कोणती आणि तेथे पोचायचे कसे, हाच चाकू घडवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असतो. पोलादाची जात किंवा तिचे भारी नाव ही त्यानंतरची बाब होय.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी मध्य प्रदेशातील जबलपूरचा परिसर फार सोयीचा आहे. नर्मदेकाठचे हे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी प्रवाशांना ठाऊक असते. मराठी वाचकाला ते परकेही नाही. १८१७ पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत जबलपूर व विदर्भ एकाच प्रांतात नांदत होते. लोखंडाच्या इतिहासाच्या दृष्टीने या परिसराचे वैशिष्ट्य असे की, मातीच्या भट्टीतील मऊ लोखंडापासून कारखान्यातील कठीण हत्यारी पोलादापर्यंतचे सर्व टप्पे येथे एकाच प्रदेशात पाहावयास मिळतात.

अगरियांची भट्टी

जबलपूरच्या उत्तरेस सिहोरा तालुक्यात लोहखनिजाच्या टेकड्या आहेत. तेथपासून पूर्वेकडे मंडला, दिंडोरी, शहडोल असा मैकल डोंगरांचा मुलूख पसरलेला आहे. या प्रदेशात लोखंड गाळण्याचा परंपरागत धंदा करणाऱ्या जमातीस अगरिया म्हणतात. हे नाव ‘आग’ या शब्दावरून पडले असावे, असे सामान्यतः मानले जाते. व्हेरिअर एल्विन यांनी या जमातीवर लिहिलेला ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भट्टीच्या वर्णनाबरोबरच अगरियांच्या देवतांचीही माहिती येते. लोखंडात लोहासुर, कोळशात कोइलासुर आणि अग्नीत अग्यासुर वास करतो, अशी त्यांची श्रद्धा. धातू, इंधन आणि उष्णता या तिन्हींना त्यांनी देवत्व दिले. धातुशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाची सुरुवात याच तीन गोष्टींनी होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अगरियांची भट्टी कमरेएवढ्या उंचीची, मातीची असे. वरून खनिजाचे बारीक तुकडे आणि सालवृक्षाचा कोळसा आलटून पालटून टाकीत. खाली मातीच्या नळीतून वारा जाई. हा वारा पायांनी दाबावयाच्या चामड्याच्या दोन भात्यांतून येई. एक पाय खाली जाताच दुसऱ्या भात्याला बांधलेली बांबूची कांब तो भाता वर उचलून धरी. कोळशापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. परंतु शुद्ध लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. ते या भट्टीत कधीच साधत नसे. फक्त मळी वितळून वाहून जाई आणि खाली स्पंजासारखा, सच्छिद्र, लालबुंद गोळा उरे. तो बाहेर काढून घणाने ठोकीत, म्हणजे उरलेली मळी पिळून निघे आणि लोखंड एकजीव होई.

या लोखंडाची गुणवत्ता हीन होती असे समजण्याचे कारण नाही. जेम्स फ्रँकलिन या लष्करी अधिकाऱ्याने १८२९ च्या सुमारास जबलपूर, पन्ना व सागर या भागांतील भट्ट्या पाहून त्यांचे सविस्तर टिपण लिहिले. धर्मपाल यांनी अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान व तंत्रविद्येवरील आपल्या १९७१ मधील ग्रंथात ते पुन्हा उजेडात आणले. त्याच काळात, १८२८ ते १८३० या वर्षांत, सागरजवळ प्रेसग्रेव्ह या अधिकाऱ्याने सुमारे २०० फूट लांबीचा झुलता पूल बांधला. त्याचे लोखंड याच प्रदेशातील भट्ट्यांतून आलेले होते. पुलाचा भार पेलणारे लोखंड चिवट असलेच पाहिजे.

मात्र असल्या लोखंडाचा चाकू कसा होईल? तो होतो, पण त्याची धार टिकत नाही. या लोखंडात कार्बनचे प्रमाण सामान्यतः फारच थोडे, बहुधा हजारात एक-दोन भाग किंवा त्याहूनही कमी असते. ते तापवून पाण्यात बुडवले तरी त्याच्या कठीणपणात फारसा फरक पडत नाही. म्हणून विळ्याची कड थंडपणी ठोकून पातळ करावयाची, ती बोथट झाली की पुन्हा ठोकावयाची, हा उपाय लोहार करीत. अशा अवजाराचा एक मोठा फायदा होता. ते वाके, पण मोडत नसे. दगडावर आपटले तरी शेतकऱ्याला ते सरळ करून घेता येई.

कार्बनचे कार्य

लोखंड आणि पोलाद यांतील भेद मुख्यतः कार्बनचा आहे. लोखंडात एक टक्क्याच्या आसपास कार्बन मिसळला की त्याच्या अंगी एक विलक्षण गुण येतो. ते तापवून हळूहळू थंड केले तर मऊ राहते आणि तापवून एकदम थंड केले तर काचेसारखे कठीण होते. वस्तू तीच, घटक तेच. फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा. यालाच आपल्याकडील कारागीर ‘पाणी देणे’ म्हणतात.

असे का घडते? साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली लोखंडाच्या स्फटिकांत कार्बनच्या अणूंना जवळजवळ जागाच नसते. त्या तापमानाच्या वर मात्र लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि तीत कार्बन सहज सामावतो. या तप्त अवस्थेस ऑस्टेनाइट असे नाव आहे. आता हे पोलाद सावकाश थंड होऊ दिले तर कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. तो लोखंडाशी संयोग पावून वेगळ्या थरांत जमा होतो आणि पोलाद मऊ राहते. परंतु तप्त पोलाद एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवले तर कार्बनची कोंडी होते. लोखंडाची रचना जुन्या स्वरूपाकडे परत जाऊ पाहते, आत अडकलेले कार्बनचे अणू तिला तसे करू देत नाहीत आणि सगळी स्फटिकरचना ताणलेल्या अवस्थेत थिजते. या अवस्थेस आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. हा आंतरिक ताण हेच तिच्या कठीणपणाचे कारण होय, आणि तिच्या ठिसूळपणाचेही तेच.

म्हणून पाणी दिलेले पाते तसेच वापरता येत नाही. ते फरशीवर पडले तरी त्याचे दोन तुकडे होऊ शकतात. त्याला पुन्हा एकदा, पण या वेळी बेताने, तापवावे लागते. सुमारे २०० अंश सेल्सिअसला कार्बनचे काही अणू थोडे सरकतात आणि ताण काहीसा सैल होतो. कठीणपणा किंचित घटतो, पण चिवटपणा पुष्कळ वाढतो. या क्रियेला ‘पाणी उतरवणे’ म्हणता येईल. चाकूचे सारे भवितव्य या दोन क्रियांवर अवलंबून असते. पहिलीत त्याला धार धरण्याची शक्ती मिळते आणि दुसरीत ती शक्ती सोसण्याची.

भंगारातील निवड

अगरियांच्या भट्ट्या विझत गेल्या त्याच काळात जबलपूर हे कारखान्यांचे शहर बनू लागले. भट्ट्या विझण्याची कारणे अनेक होती. आगगाडीने स्वस्त कारखानी लोखंड खेड्यापर्यंत आणले, राखीव जंगलांमुळे कोळसा पाडण्यावर बंधने आली आणि प्रत्येक भट्टीवर कर बसला. दुसरीकडे १९०४ मध्ये जबलपूरला तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. शक्तिमान मालमोटारी आणि जोंगा गाड्या ही नावे अनेक वाचकांच्या परिचयाची असतील. ‘जोंगा’ हे नावच जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून पडलेले आहे. २०२१ मध्ये हे सर्व कारखाने नव्या सरकारी कंपन्यांकडे सोपवण्यात आले.

ज्या शहरात धातू कापण्याचे काम चालते, तेथे धातू कापणारा धातूही लागतो. कानशी, छिन्न्या, भोके पाडण्याची गिरमिटे, करवतीची पाती ही सर्व ज्या पोलादाची बनतात त्यास हत्यारी पोलाद म्हणतात. अशी झिजलेली हत्यारे कोणत्याही औद्योगिक शहराच्या भंगार बाजारात वजनावर विकत मिळतात, आणि हाताने चाकू घडवणाऱ्याचे कच्चे द्रव्य तेच असते. त्यांतील चार प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ झाले.

पहिला प्रकार मालमोटारीच्या कमानपाट्यांचा. हे खऱ्या अर्थाने हत्यारी पोलाद नव्हे. यात अर्धा ते पाऊण टक्का कार्बन आणि बहुधा थोडे सिलिकॉन व मँगॅनीज असते. ते अतिशय चिवट असल्याने कोयते, कुऱ्हाडी आणि मोठे सुरे यांसाठी गावोगावचे लोहार तेच पसंत करतात. दुसरा प्रकार जुन्या कानशीचा. चांगल्या कानशीत सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि लहान चाकूला ती फार उत्तम. तिसरा प्रकार बॉल बेअरिंगच्या कड्यांचा. त्यात एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. चौथा प्रकार यांत्रिक करवतीच्या जाड पात्यांचा. ही पाती उच्चवेगी पोलादाची असतात. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम हे धातू मिसळलेले असतात. या पोलादाचा शोध फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेत लावला आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते जगापुढे आले. लाल होईपर्यंत तापलेले हत्यार धातू कापीतच राहते, हे पाहून तेव्हा तज्ज्ञही चकित झाले होते.

भंगाराची निवड करताना दोन ठिकाणी फसगत होते. स्वस्त कानशी पुष्कळदा साध्या लोखंडाच्या असून त्यांचे फक्त वरचे कवच कठीण केलेले असते. तसेच आजची बरीच करवतपाती दुहेरी धातूंची असतात. दाते तेवढे उच्चवेगी पोलादाचे, बाकी पाठ साध्या कमानी पोलादाची. यावर जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे ठिणग्यांची परीक्षा. तुकडा सहाणचाकावर टेकवला असता साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. भरपूर कार्बन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटून त्यांना असंख्य फाटे येतात. उच्चवेगी पोलादाच्या ठिणग्या मंद तांबूस, विरळ आणि जवळजवळ न फुटणाऱ्या असतात. एकदा पाहिल्यावर हा फरक सहसा विसरत नाही.

कानशीपासून चाकू

कानस मुळातच इतकी कठीण असते की तिला दुसरी कानस लागत नाही. म्हणून प्रथम तिला मऊ करावे लागते. ती भट्टीत पूर्ण लाल करावी आणि कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ती साध्या लोखंडासारखी कापली जाते. लोहार या टप्प्यावर तिला ऐरणीवर ठोकून आकार देतो. ज्याच्यापाशी ऐरण नाही तो करवतीने व कानशीने नको असलेला भाग काढून टाकतो. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. चाकूच्या गुणात त्यामुळे फरक पडत नाही.

रोजच्या वापराच्या चाकूला तीन इंचांचे पाते पुष्कळ होते. पाठीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असावी. कानशीचे दाते दोन्ही अंगांनी पूर्ण घासून काढावेत, कारण दात्याच्या खाचेतूनच पुढे तडा जातो. याच कारणाने पाते आणि मुठीतील पट्टी जेथे मिळतात तो कोपरा काटकोनी न ठेवता गोलसर ठेवावा. मुठीच्या खिळ्यांसाठी भोकेही आताच पाडून घ्यावीत. पाणी दिल्यावर साधे गिरमिट तेथे चालत नाही. धारेची बाजू उतरती करावी, पण तिची कड अद्याप एक मिलिमीटरभर जाड राहू द्यावी. फार पातळ कड तेलात बुडवताच वाकडी होते किंवा चिरते.

आता मुख्य क्रिया येते. पाते सर्वत्र सारखे तापले पाहिजे, आणि योग्य तितकेच. कमी तापले तर ते कठीण होत नाही. अधिक तापले तर स्फटिकांचे कण मोठे होऊन पाते खडीसाखरेसारखे तुटते. कानशीच्या पोलादासाठी ७८० ते ८०० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य समजले जाते. ज्याच्यापाशी तापमापक नाही त्याला दोन साधने उपलब्ध आहेत. एक लोहचुंबक. सुमारे ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. तेथून किंचित अधिक तापवले की पुरे. दुसरे साधन डोळा. पिकलेल्या चेरीसारखा लाल रंग ही ती खूण होय. उन्हात हा रंग फिका भासतो आणि माणूस पाते अधिक तापवून बसतो; म्हणून अनुभवी लोहार हे काम सावलीत, शक्यतो मावळतीनंतर करतो.

तापलेले पाते कोमट तेलात टोकाकडून सरळ उभे बुडवावे. आडवे टाकले तर एक बाजू आधी थंड होऊन ते वाकते. शेंगदाण्याचे साधे तेलही चालते. तेल लोखंडी भांड्यात असावे, झाकण हाताशी असावे, आणि तेलाने पेट घेतल्यास पाणी कधीही टाकू नये. झाकण किंवा वाळू टाकावी. पाते निवाल्यावर त्याच्या कडेवरून जुनी कानस हलकेच फिरवून पाहावी. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी बसले असे समजावे. ती पोलाद खाऊ लागली तर सर्व क्रिया पुन्हा करावी.

यानंतर पाते वेळ न दवडता घासून चकचकीत करावे आणि उतरवण्याच्या तापाला ठेवावे. तापमान स्थिर राखता येणारी विजेची भट्टी असल्यास २०० अंशांवर दोन तास, आणि थंड झाल्यावर पुन्हा दोन तास, हा प्रघात आहे. तशी सोय नसल्यास रंगावर भिस्त ठेवावी. चकचकीत पोलाद तापू लागले की त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो आणि त्याची जाडी वाढेल तसा रंग पालटतो. प्रथम फिकट गवती पिवळा, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंशांवर निळा. चाकूच्या धारेला फिकट गवती रंगावर थांबवावे. पाठीला मात्र जांभळा किंवा निळा रंग आला तरी हरकत नाही. उलट तिला चिवटपणाच हवा असतो. म्हणून कारागीर तापलेली लोखंडी पट्टी पाठीला लावून उष्णता तिकडूनच देतो आणि रंगाची रेघ धारेकडे सरकताना पाहत राहतो. पिवळा रंग धारेवर पोचताच पाते पाण्यात टाकावयाचे. सारा खेळ काही क्षणांचा असतो.

कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल सी मापनावर नवी कानस ६२ ते ६५ भरते. वरीलप्रमाणे उतरवलेले पाते ६० च्या आसपास येते. हे चार-पाच अंक गमावले म्हणजे नुकसान झाले असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात त्या मोबदल्यात चाकू मोडण्यापासून वाचलेला असतो.

दुसरा मार्ग

उच्चवेगी पोलादाच्या करवतपात्याला वरील कृती लागू पडत नाही. त्याला पाणी देण्यासाठी १,२०० अंशांच्या आसपासचे आणि अत्यंत नेमके तापमान लागते. मागाहून सुमारे ५५० अंशांवर दोन-तीन वेळा उतरवावे लागते. कोळशाच्या साध्या भट्टीत हे साधत नाही. म्हणून येथे युक्ती उलटी करतात. कारखान्याने केलेले उष्णतेचे संस्कार जसेच्या तसे राखून, कठीण अवस्थेतच ते पाते घासून आकारास आणतात.

हे शक्य होते याचे कारण या पोलादाचा मूळ गुणधर्मच होय. कानशीचे पाते सहाणचाकावर घासताना त्याची कड निळी पडली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले, आणि ते परत मिळवण्यास सर्व क्रिया पहिल्यापासून करणे भाग असते. उच्चवेगी पोलाद ५०० अंशांपर्यंतही आपला कठीणपणा सोडत नाही. तरीही पाते मधून मधून पाण्यात बुडवून हाताला सोसवेल एवढेच गरम राहू द्यावे, हे उत्तम. घासण्याचे काम कंटाळवाणे असते; एका लहान पात्याला कित्येक तास लागतात. मुठीसाठी भोके पाडण्यास टंगस्टन कार्बाइडचे गिरमिट लागते. धातूची धूळ व ठिणग्या यांपासून डोळे आणि फुप्फुसे यांचे रक्षण करणे अत्यावश्यक आहे. चष्मा आणि नाकातोंडावरील पट्टी यांशिवाय हे काम मुळीच करू नये.

अशा पात्याची धार दीर्घकाळ टिकते. पण त्याला तिरपा ताण सोसत नाही. डब्याचे झाकण उचकटण्यासाठी त्याचा उपयोग केला तर टोक तुटते आणि ते पुन्हा जोडता येत नाही. शिवाय बोथट झाल्यावर त्याला धार लावण्यास वेळही तितकाच लागतो. अधिक कठीण म्हणजे अधिक चांगले, हा समज येथे खोटा ठरतो. स्वयंपाकघरात बसून फळे कापणाऱ्याला तो चाकू उत्तम. रानात फिरणाऱ्याला कमानपाट्याचा किंचित मऊ चाकू अधिक भरवशाचा.

मूठ, धार आणि निगा

मुठीसाठी लाकूड निवडताना ते वाळलेले आणि दाट असावे. मध्य भारतात शिसव सहज मिळते. ज्या तेंदूच्या पानांवर जबलपूरचा विडी उद्योग वाढला त्या झाडाच्या खोडाचा काळा गाभाही आबनुसाच्या जातीचा असून मुठीला शोभून दिसतो. लाकडाचे दोन तुकडे पट्टीच्या दोन्ही अंगांस चिकटवून पितळी खिळ्यांनी ठोकून घ्यावेत आणि हाताच्या मापाने घासावेत. मूठ चारही बोटांत बसली पाहिजे. ओल्या हातातून निसटणारी मूठ बोथट पात्यापेक्षाही धोक्याची असते.

शेवटी धार. पात्याच्या प्रत्येक अंगाने १५ ते २० अंशांचा कोन राखून प्रथम भरड व नंतर बारीक दगडावर ते फिरवावे. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस बोटाला अगदी बारीक खरखर जाणवू लागली म्हणजे कड मिळाली असे समजावे आणि बाजू बदलावी. अखेरीस चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने ओढून ती खरखर काढून टाकावी. यांतील कोणतेही पोलाद पूर्णतः गंजरोधक नाही. म्हणून लिंबू-आंबा कापल्यावर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. कालांतराने त्यावर करडी झाक चढते. ती दोष नसून एक प्रकारचे संरक्षणच असते.

कायद्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठी बनवलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. खटक्याच्या चाकूंवर काही ठिकाणी स्थानिक अधिसूचनांनी वेगळे निर्बंध घातलेले आहेत. येथे वर्णिलेला तीन इंची चाकू हे केवळ एक साधन आहे, आणि त्याने साधनच राहावे.

तडजोडीचे मोल

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अगरियाचे मऊ लोखंड, लोहाराचा कमानपाटा, कारागिराची कानस आणि कारखान्याचे उच्चवेगी पोलाद ही एकाहून एक श्रेष्ठ अशी चढती पायरी नव्हे. प्रत्येकाने काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेले आहे. अगरियाच्या विळ्याने धार सोडली आणि न मोडण्याची हमी मिळवली. उच्चवेगी पात्याने ती हमी सोडली आणि धार मिळवली. कोणते काम करावयाचे आहे, हे ठरल्यावाचून यांतील कोणते चांगले, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

अगरियांची भट्टी आज जीविकेचे साधन राहिलेली नाही. त्या भट्टीबरोबर लोखंड गाळण्याचे बरेच ज्ञान हरपले. परंतु तापलेल्या धातूचा रंग ओळखणारी नजर मात्र पूर्णपणे नष्ट झाली नाही. ती रस्त्याकडेला पाल ठोकून भंगारातून विळे-कोयते घडवणाऱ्या गाडिया लोहाराच्या ठायी आहे, गावच्या लोहाराच्या ठायी आहे, आणि कारखान्यात उष्णतामापकासमोर उभे राहूनही भट्टीच्या झरोक्यातून एकदा आत डोकावणाऱ्या कामगाराच्या ठायीही आहे. ज्याने एकदा स्वतः पाते तापवून गवती पिवळ्या रंगाची वाट पाहिली, त्याला या सर्वांच्या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खिशातला चाकू उघडताना धारेवरून अंगठा हलकेच फिरवण्याची सवय पुष्कळांना असते. त्या कडेत एका क्षणी विझवलेली आग थिजून राहिलेली आहे, एवढे ध्यानात आले तरी या साध्या साधनाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलेल.